मोठ्या आतड्याला काय खायला घालायचं?

प्रश्न असा आहे: वय ४२, पुण्यात बैठं काम. वडिलांचं ५६व्या वर्षी मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं निदान झालं, ऑपरेशन झालं, आता ते बरे आहेत. स्वतःला दोन-तीन वर्षं बद्धकोष्ठाचा त्रास, त्यासाठी रोज रात्री इसबगोल. मध्यंतरी सॅलड आणि ओट्स जोरात सुरू केले, पोट फुगलं म्हणून बंद केले. रविवारी मटण, अधूनमधून सॉसेज. आतड्यासाठी नेमकं काय खावं, किती खावं, आणि ‘कोलन क्लीन्झ’ (गुदद्वारातून पाणी सोडून आतडं धुणं) करून घ्यावं का?

प्रश्नात जेवणाबद्दल सगळं आहे, पण कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून केलेली मोठ्या आतड्याची तपासणी, झाली की नाही हे नाही. म्हणून सुरुवात तिथूनच. आई, वडील किंवा सख्ख्या भावंडाला साठीच्या आत हा कर्करोग झाला असेल, तर तपासणी वयाच्या ४०व्या वर्षी सुरू करायची, किंवा त्या नातेवाइकाच्या निदानाच्या वयाआधी १० वर्षं. यांतलं जे आधी येईल ते धरायचं. तुमच्या बाबतीत ५६ वजा १० म्हणजे ४६, त्यामुळे ४० हेच आधी आलं. तुम्ही ४२चे आहात. तपासणी झाली नसेल तर ती दोन वर्षं लांबली आहे, याच महिन्यात वेळ घ्या. सगळं स्वच्छ निघालं तर पुढची साधारण पाच वर्षांनी. हा कर्करोग बहुतेक वेळा पॉलिपमधून, म्हणजे अस्तरावर आलेल्या लहानशा गाठीसारख्या कोंबातून सुरू होतो, आणि त्याला कर्करोगाचं रूप यायला सहसा दहाएक वर्षं लागतात. कोलोनोस्कोपीत तो दिसतो आणि तिथल्या तिथे काढता येतो. उगवलेला पॉलिप कुठल्याही भाकरीने किंवा उसळीने जात नाही. आजोबा, काका, आत्या यांच्यापैकीही कुणाला पन्नाशीच्या आत आतड्याचा किंवा गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग झाला असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. लिंच सिंड्रोम नावाच्या आनुवंशिक दोषात तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करावी लागते.

आता ताटाकडे वळू. लहान आतडं सुमारे सहा मीटर लांब. खाल्लेल्यातला बहुतेक स्टार्च, साखर, प्रथिनं, तेल-तूप तिथेच शोषलं जातं. मोठं आतडं दीड मीटरचं, आणि त्याच्या वाट्याला येतं ते उरलंसुरलं: दीडएक लिटर पाणी आणि आपल्याला न पचलेला भाग. आपल्याला न पचलेला हा भाग तिथल्या जिवाणूंचं मात्र जेवण असतं. ते तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं एक छोटं मेदाम्ल तयार होतं. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः या ब्युटिरेटवर जगतात. म्हणजे मैद्याचा पाव, साखर, साबुदाणा, बिस्किटं असं सगळं वरच्या वर शोषलं जाणारं खाल्लं, तर तुमचं पोट भरतं पण मोठं आतडं उपाशी राहतं. उंदरांवरच्या प्रयोगांत असं दिसलं आहे की चोथा (फायबर, म्हणजे हाच न पचणारा भाग) मिळेनासा झाला की हे जिवाणू अस्तरावरचा संरक्षक चिकट थरच खायला लागतात.

माणसांमध्ये हे किती लवकर बदलतं, याचा एक सुंदर प्रयोग २०१५मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतले २० आफ्रिकी-अमेरिकी आणि दक्षिण आफ्रिकेच्या खेड्यातले २० जण यांचा आहार दोन आठवड्यांसाठी आपसांत बदलला. अमेरिकनांना भरपूर चोथ्याचं जेवण, रोज ५० ग्रॅमच्या वर, आणि खेड्यातल्यांना मांस, तेल-तूप जास्त आणि चोथा कमी असलेलं जेवण. पंधरवड्यात अमेरिकनांच्या आतड्यात ब्युटिरेट वाढलं, अस्तरातल्या पेशींचं विभाजन आणि सूज कमी झाली. दुसऱ्या गटात नेमकं उलट घडलं. एवढ्यावरून कर्करोग टळतो असं सिद्ध होत नाही, पण आतड्याला ताटातला बदल दोन आठवड्यांत कळतो हे नक्की.

चोथा किती हवा? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) शिफारशीनुसार २००० कॅलरींच्या आहारात सुमारे ३० ग्रॅम. ऐकायला सोपं वाटतं, म्हणून एका शहरी दिवसाचा हिशेब मांडू. सकाळी पोहे (५० ग्रॅम कोरडे) पावणेदोन ग्रॅम. दुपारी दोन पातळ पोळ्या, म्हणजे ५० ग्रॅम कणीक, साडेपाच ग्रॅम. वाटीभर फ्लॉवर-बटाटा अडीच ग्रॅम, पातळ वरण दीड, मूदभर भात एक. चहा-बिस्किटं अर्धा. रात्री मऊ खिचडी, साडेतीन. बेरीज १६-१७ ग्रॅम. पोटभर, घरचं, साधं जेवण, आणि तरी गरजेच्या निम्म्याहून जेमतेम वर.

आता याच दिवसात काहीही वजा न करता तीन गोष्टी घाला. दुपारी मटकीची उसळ एक भरलेली वाटी (४० ग्रॅम कोरडी मटकी): ६ ग्रॅम. संध्याकाळी बिस्किटांआधी एक मध्यम पेरू, सालीबियांसकट: ८ ग्रॅमच्या आसपास. जेवताना गाजर-काकडीची कोशिंबीर: अडीच ग्रॅम. बेरीज ३३-३४वर गेली. ओट्स नाहीत, किन्वा नाही, परदेशी बिया नाहीत. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७मध्ये जे अन्नघटकांचे तक्ते काढले, त्यांत १०० ग्रॅम कोरड्या धान्यामागे चोथ्याचे आकडे साधारण असे आहेत: अख्खा हरभरा २५, अख्खे मूग १७, अख्खी मसूर १७, मटकी १५, बाजरी ११, नाचणी ११, गव्हाची कणीक ११, ज्वारी १०, तूरडाळ ९, पांढरा तांदूळ आणि मैदा जेमतेम ३. या आकड्यांकडे नीट पाहा. भाकरी चांगली की पोळी यावर घराघरांत वाद होतात, पण चाळून कोंडा टाकला नसेल तर दोघींत फारसा फरक नाही. खरा फरक कडधान्यात आहे, आणि नेमकी उसळच आपल्या रोजच्या जेवणातून गायब झाली आहे. आठवड्यातून एकदा मिसळीच्या निमित्ताने खाल्ली तर ती फरसाणाखाली दडलेली असते. वरण म्हणजे सालं काढलेली डाळ, तीही पातळ. ती अख्ख्या कडधान्याची जागा घेऊ शकत नाही.

गिरणीतून दळून आणलेल्या पिठाला मैद्याची बारीक चाळणी लावू नका. खडे-कचरा पाहण्यापुरती मोठ्या भोकांची चाळणी पुरे. पाकिटातली कणीक घेत असाल तर पाकिटावर १०० ग्रॅमला चोथा किती ते वाचा. १० ग्रॅमच्या आसपास हवा. ‘मल्टिग्रेन’ आणि ‘ब्राऊन’ हे शब्द पाहून पाव घेऊ नका. घटकांच्या यादीत पहिला शब्द मैदा असेल तर तो मैद्याचाच पाव, रंग कॅरॅमलचा. १०० ग्रॅमला ६ ग्रॅमपेक्षा कमी चोथा असेल तर परत ठेवा.

तुमचं पोट का फुगलं? कारण दोन गोष्टी एकदम झाल्या. एक, आत आधीच तुंबलेलं होतं. पुढचा रस्ता मोकळा नसताना मागून आंबणारं अन्न घातलं की वायू अडकतो. दुसरं, जिवाणूंना वेळ मिळाला नाही. नवं अन्न पचवणारे जिवाणू वाढायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर वायू होणारच. बहुतेक लोक नेमके पाचव्या-सहाव्या दिवशी सोडून देतात आणि ‘मला कडधान्य मानवत नाही’ असा कायमचा शिक्का मारून घेतात. म्हणून क्रम पाळा. पहिला आठवडा: रोजच्या जेवणात फक्त एक फळ आणि सालासकट मुगाची डाळ, अर्धी वाटी. दुसरा आठवडा: मोडाचे मूग शिजवून, अर्धी वाटी, एक दिवसाआड. तिसरा: मटकी किंवा अख्खी मसूर, रोज अर्धी वाटी. चौथ्यापासून वाटी पूर्ण भरा, आणि चवळी, वाल, हरभरा, राजमा शेवटी आणा. आठवड्याला ५ ग्रॅमपेक्षा जास्त वाढ नको. एखाद्या पायरीवर त्रास झाला तर मागच्या पायरीवर चार दिवस थांबा, सोडू नका.

उसळ करण्याच्या पद्धतीने वायू बराच कमी होतो, म्हणून ती नीट सांगतो. कडधान्यात रॅफिनोज आणि स्टॅकिओज या शर्करा असतात. त्या लहान आतड्यात पचत नाहीत, मोठ्या आतड्यात झपाट्याने आंबतात. त्या पाण्यात उतरतात आणि मोड येताना दाणा स्वतःही त्या वापरतो. म्हणून मटकी किंवा मूग ८ तास भरपूर पाण्यात भिजवा, ते पाणी ओतून द्या, दोनदा धुवा, फडक्यात बांधा. उन्हाळ्यात १० ते १२ तास, थंडीत २४ तास. मोड अर्ध्या सेंटिमीटरचा आला की पुरे. आंबूस वास किंवा बुळबुळीतपणा आला तर टाकून द्या. मग झाकण ठेवून मऊ होईपर्यंत शिजवा. मोड कच्चे खाण्याची जी पद्धत आली आहे ती मला पसंत नाही. मोड येण्याच्या उबदार ओलाव्यात साल्मोनेलासारखे जंतूही वाढतात, आणि कच्च्या मोडांनी वायूही जास्त होतो. हरभरा आणि राजमा १२ तास भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये बोटाने सहज चिरडेल इतका शिजवा. अर्धकच्चा राजमा खाल्ल्यास उलट्या-जुलाब होऊ शकतात. त्यातलं लेक्टिन नावाचं अपायकारक प्रथिन मंद आचेवर नष्ट होत नाही, त्याला खळखळून उकळी लागते. हिंग, ओवा, आलं जरूर घाला, पण पाणी बदलण्याचं काम ते करू शकत नाहीत.

तुमच्या भागातलं कडधान्य वापरा. कोकणात वालाचं बिरडं, गोव्यात अळसांद्यांचं तोणाक, देशावर मटकी आणि हुलगे, खानदेशात ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी. सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीत १९८७पासून ग्रामीण कर्करोगाची नोंदणी चालू आहे. तिथे मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचं प्रमाण मुंबईपेक्षा बरंच कमी दिसत आलं आहे. हे श्रेय एकट्या ज्वारीला देणं चूक ठरेल. शेतातले कष्ट, सडपातळ अंग, तपासणीची सोय, सगळ्याचा त्यात हात आहे. पण ज्या ताटावर हे लोक वाढले ते ताट आतड्याला अपायकारक नव्हतं, एवढं म्हणता येईल.

भाज्यांमध्ये गवार, भेंडी, वांगी, पालेभाज्या देठांसकट. गवार १०० ग्रॅमला जवळपास ५ ग्रॅम देते, काकडी, दुधी यांत पाणीच जास्त. शेवग्याच्या शेंगेचा आकडा मोठा दिसतो, पण त्यातला बराचसा चोथा आपण चावून थुंकतो. शेवग्याचा पाला खाल्लात तर तो पूर्ण मिळतो. रोज सगळं मिळून ४०० ग्रॅम भाजी (कच्च्याचं वजन) आणि १०० ग्रॅम फळ हे धोरण ठेवा. फळांचा रस मोजू नका. संत्र्याचा रस गाळला की आतड्याचा वाटा गाळणीत राहिला.

उपासाच्या दुसऱ्या दिवशी बद्धकोष्ठ वाढतो अशी तक्रार फार ऐकू येते, आणि त्याचं कारण साधं आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध स्टार्च. खिचडीत चोथा असतो तो फक्त शेंगदाण्याचा. त्याऐवजी सालासकट उकडलेलं रताळं, राजगिऱ्याची भाकरी, लाल भोपळ्याचं भरीत, काकडीची कोशिंबीर दाण्याचं कूट घालून. आणि त्या दिवशी पाणी कमी पडू देऊ नका.

भात आवडत असेल तर सोडायची गरज नाही. शिजवून थंड केलेल्या भातातला, बटाट्यातला थोडा स्टार्च घट्ट होतो आणि न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. परत गरम केला तरी तो बराचसा टिकतो. फोडणीचा भात या दृष्टीने ताज्या भातापेक्षा बरा, पण त्यातून मिळणारी भर काही ग्रॅमचीच असते, आणि एक धोका आहे. शिजलेला भात रात्रभर ओट्यावर राहिला तर त्यात बॅसिलस सेरियस नावाचा जंतू वाढतो, त्याचं विष गरम करूनही जात नाही. तासाभरात पसरट भांड्यात निववून फ्रिजमध्ये ठेवा, दुसऱ्या दिवशी संपवा, नीट वाफ येईपर्यंत गरम करा. कच्च्या केळ्याची भाजी आणि कडधान्यं यांतूनही हाच स्टार्च मिळतो.

आता तुमच्या इसबगोलाबद्दल. तो वाईट नाही. पाणी धरून ठेवतो, जिवाणू त्याला फारसं आंबवत नाहीत, म्हणून मळ मऊ आणि एकसंध होतो, वायूही कमी. चिडचिड्या आतड्याच्या (आयबीएस) रुग्णांना तर गव्हाच्या कोंड्यापेक्षा तोच मानवतो. पण आंबत नाही याचा दुसरा अर्थ असा की जिवाणूंना त्यातून फारसं अन्न मिळत नाही. कर्करोगापासून संरक्षणासाठी त्यावर विसंबून राहू नका. युरोपात पॉलिप काढलेल्या लोकांना रोज साडेतीन ग्रॅम इसबगोल तीन वर्षं दिला गेला. २०००मध्ये निकाल आला तेव्हा त्या गटात पॉलिप परत येण्याचं प्रमाण कमी झालं नव्हतं, उलट जास्त निघालं. त्याच वर्षी अमेरिकेत गव्हाच्या कोंड्याच्या पुरवणीनेही पॉलिप परत येणं थांबलं नाही असं दिसलं. याउलट लाखो लोकांच्या वर्षानुवर्षांच्या निरीक्षणांत अख्खं धान्य आणि अन्नातला चोथा जास्त खाणाऱ्यांत हा कर्करोग कमी आढळतो: रोजच्या १० ग्रॅम चोथ्यामागे सुमारे १० टक्के कमी, रोजच्या ९० ग्रॅम अख्ख्या धान्यामागे सुमारे १७ टक्के कमी. माझं मत असं की चोथा डब्यातून विकत घेण्याची वस्तू नाही, तो धान्याच्या सालीसकट, बाकी सगळ्या घटकांसकट यायला हवा. बद्धकोष्ठासाठी इसबगोल घेत राहा, पण तो भुकटी म्हणून तोंडात टाकून वरून घोटभर पाणी पिऊ नका. एक मोठा चमचा, ५ ग्रॅमच्या आसपास, मोठा पेला पाण्यात ढवळून लगेच प्या, वर आणखी अर्धा पेला पाणी. कमी पाण्यात तो अन्ननलिकेतच फुगून अडकू शकतो. अंथरुणाला पाठ टेकण्याच्या अर्धा-पाऊण तास आधीच घ्या. थायरॉईडची, लोहाची किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर दोन तासांचं अंतर ठेवा.

‘आयुर्वेदिक’ म्हणून घेतल्या जाणाऱ्या चूर्णांच्या डब्यावरची यादी वाचा. बहुतेकांत सोनामुखी असते. कधीतरी घ्यायला ठीक, पण वर्षानुवर्षं रोज घेतल्याने कोलोनोस्कोपीत आतड्याचं अस्तर काळसर झालेलं दिसतं. तो रंग स्वतः धोक्याचा नाही, मात्र त्या चूर्णाच्या आड मूळ कारण लपून राहतं.

‘कोलन क्लीन्झ’ करू नका. मोठ्या आतड्यात वर्षांनुवर्षांचा मळ चिकटून बसलेला नसतो. अस्तराच्या पेशी काही दिवसांत बदलत असतात, वरचा चिकट थर सतत नवा होतो. गुदद्वारातून लिटरच्या लिटर पाणी सोडण्याने क्षारांचं संतुलन बिघडतं आणि क्वचित आतड्याला भोक पडतं. त्यावर खर्च होणारे पैसे कोलोनोस्कोपीसाठी ठेवा.

मांसाहाराबद्दल घाबरवण्यासारखं फार काही नाही, पण दोन गोष्टी वेगळ्या करा. २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने प्रक्रिया केलेलं मांस कर्करोगकारक म्हणून नोंदवलं: सॉसेज, सलामी, हॅम, बेकन. गोव्याचं चोरिससुद्धा यातच येतं, ते मीठ-व्हिनेगर-मसाल्यात मुरवून वाळवलेलं डुकराचं मांस आहे. कोंबडीचं सॉसेज घेतलं म्हणून सुटका नाही, अपाय मुख्यतः नायट्राइटसारख्या परिरक्षकांचा आणि धुरी-मिठाच्या प्रक्रियेचा आहे. रोज ५० ग्रॅम प्रक्रियायुक्त मांस खाल्लं तर धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. तुमच्या घरात हा आजार आहे, म्हणून हे तुम्ही पूर्ण सोडा. मटण वेगळं. लाल मांस आठवड्याला शिजवलेलं ३५० ते ५०० ग्रॅमच्या आत असावं अशी मर्यादा आहे. रविवारचं एक जेवण, दीडशे ग्रॅम मटण, त्यात सहज बसतं. निखाऱ्यावर काळं होईपर्यंत भाजू नका. तांबडा रस्सा भाताबरोबर न घेता ज्वारीच्या भाकरीबरोबर घ्या, शेजारी कांद्या-मुळ्याची कोशिंबीर. मासे आणि साधं शिजवलेलं चिकन यांचा या कर्करोगाशी असा संबंध दिसलेला नाही.

दूध, दही, ताक यांची बाजू चांगली आहे. कॅल्शिअम आतड्यातल्या पित्ताम्लांना बांधून ठेवतं, आणि ती मोकळी राहिली की अस्तराला डिवचतात. रोज दोन पेले ताक किंवा एक वाटी दही आणि एक कप दूध पुरे. दूध पचत नसेल तर ताक सहसा चालतं. नाचणी आणि तीळ यांतूनही कॅल्शिअम मिळतं.

दारूने धोका वाढतो, रोजच्या दोन पेगांपासून तो स्पष्ट दिसतो. पुरुषाच्या कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या वर असेल तर तो उतरवणं हे कुठल्याही एका पदार्थापेक्षा मोठं काम आहे. रोज अर्धा तास भराभर चाला. चालण्याने मळही पुढे सरकतो.

पाणी दोन ते अडीच लिटर. कोंडा आणि चोथा वाढवून पाणी न वाढवणं ही सर्वांत नेहमीची चूक, त्याने मळ कोरडा आणि जाड होतो आणि माणूस म्हणतो चोथ्यानेच बिघडलं. सकाळी उठल्यावर आणि न्याहारीनंतर आतड्यात एक जोरदार लाट येते, ती दवडू नका. न्याहारीनंतर अर्ध्या तासात जाऊन बसा, दहा मिनिटांपेक्षा जास्त नको, मोबाइल बाहेर ठेवा. कमोड असेल तर पायाखाली १५ ते २० सेंटिमीटरचा पाट ठेवा, गुडघे कमरेच्या वर आले की गुदाशयाचा कोन सरळ होतो. ऑफिसला निघायच्या घाईत न्याहारी टाळणं आणि ही लाट दाबणं, एवढ्यानेच कित्येकांचा बद्धकोष्ठ सुरू होतो.

पेरूच्या, टोमॅटोच्या बिया किंवा शेंगदाणे काहींच्या आतड्याच्या भिंतीत तयार झालेल्या छोट्या कप्प्यांत अडकून सूज आणतात, हा समज डॉक्टरांकडूनही ऐकू येतो. २००८मध्ये अमेरिकेतल्या ४७ हजारांहून जास्त पुरुषांच्या १८ वर्षांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा दाणे, मका, पॉपकॉर्न खाणाऱ्यांत अशी सूज जास्त आढळली नाही. पेरू बियांसकट खा, फक्त नीट चावून.

हे सगळं सर्वांना नाही. आतडं अरुंद झालेलं असेल, नुकतंच ऑपरेशन झालं असेल, अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स या आतड्याला सूज आणणाऱ्या आजारांचा भडका असेल, तर चोथा वाढवायचा नसतो, तात्पुरता कमी करायचा असतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळं आणि कडधान्यांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या, पोटॅशिअममुळे. आणि मळातून रक्त, शौचाच्या सवयीत तीन-चार आठवडे टिकलेला बदल, कारण नसताना घटलेलं वजन, रक्तातलं लोह कमी होणं, यांपैकी काहीही असेल तर आहाराचा प्रयोग करत बसू नका. रक्त दिसलं की ‘मूळव्याध असेल’ म्हणून महिनोन्‌महिने मलम लावत राहणं, याने फार माणसं उशिरा पोहोचतात. पुरुषांत किंवा पाळी थांबलेल्या स्त्रीत लोहाची कमतरता निघाली तर गोळ्या सुरू करण्याआधी रक्त कुठून जातंय हे शोधायलाच हवं.

कोलोनोस्कोपीची तारीख मिळाली की वरचं सगळं काही दिवसांपुरतं उलटं करायचं. तीन दिवस आधीपासून उसळ, भाकरी, पालेभाजी, कच्ची कोशिंबीर, पेरू, टोमॅटो, तीळ, जवस, दाणे बंद. मऊ पांढरा भात, गाळलेलं मुगाचं वरण, सोललेला उकडलेला बटाटा, मैद्याचा पाव, दही, अंडं चालेल. इसबगोलही थांबवा, लोहाची गोळी सहसा पाच ते सात दिवस आधी बंद करतात. रक्त पातळ करणाऱ्या आणि मधुमेहाच्या औषधांचं मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काही बदलू नका. आदल्या दिवशी फक्त आरपार दिसणारी पेयं: नारळपाणी, गाळलेलं लिंबू सरबत, बिनदुधाचा चहा, गाळलेलं पातळ सूप. लाल किंवा जांभळं काही नको, कोकम सरबतसुद्धा, कारण तो रंग आत रक्तासारखा दिसतो. जुलाबाचं औषध दोन भागांत घ्यायला सांगतील, दुसरा भाग पहाटे उठून घ्यावाच लागतो. तो टाळला की उजवीकडचं आतडं नीट साफ होत नाही आणि तिथला चपटा पॉलिप निसटतो. शेवटी पडणारं पाणी पिवळसर आणि स्वच्छ दिसलं म्हणजे तयारी झाली. तपासणीच्या संध्याकाळी मऊ भात आणि वरण, दुसऱ्या दिवशी पोळी-भाजी, आणि तिसऱ्या दिवशी अर्ध्या वाटीने उसळ पुन्हा सुरू करा. पॉलिप काढला असेल तर डॉक्टर सांगतील तेवढे दिवस थांबून.